कापूर, चूड, सुंभ आणि ओलं लाकूड

भाच्याने चार पानं लिहून आणली होती, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. पात्राचं नाव रुद्राजी. गाव जाळलेलं, बाप डोळ्यांदेखत मारलेला, आजोबांची तलवार, डाव्या खांद्यावर व्रण, ताकद सोळा, चपळाई बारा. पावसाळ्यातली शनिवारची संध्याकाळ होती. गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, टेबल मांडून आम्ही पाच जण बसलो होतो आणि पोदेर, म्हणजे पाववाला, नुकताच उंडे देऊन गेला होता. खेळ सुरू झाला. मिठाचा तांडा घेऊन मंडळी घाट चढतायत, तर पहिल्याच चौकीवर जमादार आडवा आला. तो जमादार मीच. आवाज जड करून मी विचारलं, "कोण रे तू? पास दाखव."

रुद्राजी गप्प. भाचा हातातला फासा घोळवत राहिला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, तो काय म्हणेल?"

त्या चार पानांत रुद्राजीवर काय काय गुदरलं ते सगळं होतं. अनोळखी माणसाने दरडावून विचारल्यावर तो चिडतो, हसतो, घाबरतो की नुसता बघत बसतो, एवढंच नव्हतं.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. रोल-प्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट. प्रत्येकाकडे एक पात्र, आणि बाकी सगळं जग, म्हणजे चौकीवाले, चोर, वारा-पाऊस, बैल, चालवायला एक गेम मास्टर. काम साधेल की फसेल याचा निकाल फासा देतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापला आणि या प्रकाराला धरबंध आला. आमच्या टेबलावर ड्रॅगन नाहीत. किनाऱ्यावरच्या मिठागरांतलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे घाटावर जायचे, त्या जुन्या व्यापाराभोवती मी आमचा खेळ बेतलाय.

गोव्यातल्या माणसाला हे समजवायला खरं तर इतकंही बोलावं लागत नाही. जत्रेतला दशावतारी काला पाहिलात ना? तेच. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रात्री रंगायला बसल्यावर मालक सांगतो, आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस, तू राणी. प्रसंगांचा क्रम ठरतो आणि पेटी-मृदंग सुरू झाला की बाकीचं नटाच्या जिभेवर. समोरचा काय बोलेल ते ठाऊक नसताना पहाटेपर्यंत बोलत राहायचं. लहानपणी मला वाटायचं, या लोकांची पाठांतरं जबरदस्त असणार. पुढे कळलं, पाठ काहीच नसतं. राक्षसाचा पार्ट करणाऱ्याला आपला राक्षस कसला आहे हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याला उत्तर सुचतं.

टेबलावरच्या खेळाडूलाही विचार करायला तेवढाच वेळ मिळतो. एवढ्या वेळात चार पानांचा इतिहास चाळता येत नाही. हाताशी हवा असतो तो पिंड.

पिंड हा आपला फार कामाचा शब्द. इंग्रजीत ज्याला टेंपरामेंट म्हणतात त्याच्या जवळ जाणारा. "त्याचा पिंडच तसा" म्हणतो तेव्हा आपण त्याच्या मतांबद्दल किंवा संस्कारांबद्दल बोलत नसतो, कुणी शिकवायच्या आधीपासून त्याच्यात जे आहे त्याबद्दल बोलत असतो. त्यावर बसतं ते वळण. घर, शाळा, धंदा, मार, माया यांनी लावलेलं. आणि तिसरी गोष्ट तत्त्व, माणूस बरोबर-चूक कशाला मानतो ते. पात्र रचताना या तिन्हींचा काला झाला की गोंधळ ठरलेला.

न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायकोने तान्ह्या बाळांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं वाढत गेली तशी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पाहत राहिले. बाळाच्या वागण्यातल्या नऊ बाबी त्यांनी वेगळ्या काढल्या. खेळाडूला त्यातल्या चार पुरतात. नवं काही समोर आलं की पुढे सरकतो की मागे? भावना उफाळते की दबकी राहते? हातातलं काम अडलं तर चिकटून बसतो की सोडतो? आणि ठरलेलं बदललं की किती वेळात रुळतो? मुलांचे त्यांनी ढोबळ तीन गट केले. सुमारे ४० टक्के सोपी, १० टक्के अवघड आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी. बेरीज करून बघा, ६५ भरते. उरलेली ३५ टक्के मुलं कुठल्याच खणात नीट बसली नाहीत, आणि त्यांनी ती बळेच बसवलीही नाहीत. मला या अभ्यासातलं हेच सगळ्यात आवडतं. आपल्याकडे 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणतात, त्याला हे धरूनच आहे.

मग खण करायचेच कशाला? तर टेबलावर, घाईत, हाताला काहीतरी लागावं म्हणून. भाजीत मीठ किती हे चिमटीने ठरतं, तराजू काढत नाही कुणी. प्रकारांचं तसंच आहे.

सगळ्यात जुनी चिमूट ग्रीकांची. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य म्हणत, शरीरात चार द्रव आहेत. रक्त, पिवळं पित्त, काळं पित्त आणि कफ. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याने या द्रवांची सांगड माणसाच्या मिजाशीशी घातली. रक्त जास्त तो उल्हासी, पिवळं पित्त जास्त तो तापट, काळं पित्त जास्त तो खिन्न, कफ जास्त तो थंड. शरीरशास्त्र म्हणून हे कधीच निकालात निघालं. चार माणसं मात्र टिकली, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची होती.

एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने द्रव बाजूला ठेवले आणि चौघांकडे दोनच प्रश्नांनी पाहिलं. भावना किती जोराची? आणि किती झपाट्याने बदलते? जोराची आणि झपाट्याची तो तापट. जोराची पण सावकाश तो खिन्न. हलकी आणि झपाट्याची तो उल्हासी. हलकी आणि सावकाश तो थंड. पुढे विसाव्या शतकात हान्स आयझेंकने बहिर्मुख-अंतर्मुख आणि अस्थिर-स्थिर अशा दोन रेघा आडव्या-उभ्या मारून याच चौघांना चार कोपऱ्यांत बसवलं. आयझेंकची रीत मोजमापाला बरी. खेळायला मला वुंटची जास्त आवडते, कारण तिच्यात वेळ आहे. राग आला, पण कधी आला आणि कधी गेला, यावर पुढचा अख्खा प्रसंग ठरतो.

मुलांना मी हे विस्तवावरून सांगतो. उल्हासी म्हणजे कापूर. काडी लावायचा अवकाश की पेटतो, छान वास सुटतो, आणि बघता बघता मागे काही राहत नाही. तापट म्हणजे चूड, माडाच्या सुक्या झावळ्यांची. भडकली की डोळ्यांपुढे लाल, भुवया जळतील, पण तीही लवकर विझते. खिन्न म्हणजे सुंभ. पानबिडीच्या दुकानाबाहेर पूर्वी काथ्याचा एक तुकडा टांगलेला असायचा, बिडी पेटवायला. ज्वाळा नाही, आवाज नाही, सकाळी लावलेला संध्याकाळीही आत धुमसत असतो. जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच. आणि थंड म्हणजे ओलं लाकूड. पेटायलाच तयार नाही. एकदा पेटलं तर मात्र चुलीतून काढताना पंचाईत.

आता चौकीवर जाऊ. जमादार म्हणतो, "आज मिठावर जकात दुप्पट."

कापूर म्हणतो, "दुप्पट? मग जमादार, सुपारी तरी तुमच्याकडची काढा!" हसतो, शेजारी जाऊन बसतो, घरची चौकशी करतो. जकात कदाचित तेवढीच पडते, पण जमादाराच्या बायकोचं माहेर कुठलं ते याला कळतं. वळण ओलांडेपर्यंत पैशाचं दुःख विसरलेला असतो. पास चौकीवरच राहिला, हेही.

चूड म्हणते, "दुप्पट? कुणाच्या बापाचा कायदा?" हात तलवारीवर. बाकी तिघांच्या पोटात गोळा. प्रसंग निभावला, तर अर्ध्या तासाने हाच माणूस त्याच जमादाराला तंबाखूची चंची पुढे करील आणि समोरचा अजून का थरथरतोय हे त्याला खरोखर कळणार नाही.

सुंभ काही म्हणत नाही. नाणी मोजून देतो, दोनदा मोजतो, पावती घडी घालून कमरेला खोचतो. तीन खेळांनंतर, आपण सगळे विसरलेले असताना, नदीच्या उतारावर तोच जमादार मदतीला हात पसरून उभा असतो, तेव्हा हा सावकाश कमरेची घडी उलगडतो. सुंभ म्हणजे सूडच, असं मात्र नाही. कुणी तहानेला दिलेलं तांब्याभर पाणीही तो तसंच जपून ठेवतो.

ओलं लाकूड बैलाच्या पाठीवरची गोण उतरवतं. "बरं. दर खाली आला की हाक मारा." आणि गोणीला टेकून डोळे मिटतं. मागे आणखी दोन तांडे येऊन खोळंबतात, बैल हंबरायला लागतात, आणि घाम जमादाराला फुटतो.

वाक्यं मी आधी लिहून ठेवली नव्हती. विस्तव ठरला की वाक्य येतं, एवढाच या साऱ्याचा उपयोग.

शरीरासाठी मात्र मी आयुर्वेदाकडे जातो. वात-पित्त-कफ आणि ग्रीकांचे चार द्रव एकच, असं लोक बिनधास्त सांगतात. ते तसं नाही. इथे तीन दोष, तिथे चार द्रव, आणि आयुर्वेदात एकेरी, जोडीची आणि सम अशा मिळून सात प्रकृती होतात. पण चरकसंहितेत प्रकृतीची जी लक्षणं दिलीत ती नटाने वाचावीत अशी आहेत. वाताचा माणूस चालायला-बोलायला झपझप, पटकन घाबरणारा, पटकन शिकणारा आणि पटकन विसरणारा. पित्ताच्या माणसाला ऊन सोसत नाही, भूक-तहान सोसत नाही. कफाचा माणूस प्रत्येक गोष्ट संथपणे करतो, भूकही त्याला कमी. रागीट आहे असं नुसतं कागदावर लिहिण्यापेक्षा 'जेवायला उशीर झाला की याच्याशी बोलू नये' हे टेबलावर शंभर पटींनी चालतं. यातून कुणी स्वतःची औषधं ठरवू नयेत, ते काम वैद्याचं.

आपल्या नाट्यशास्त्रानेही नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत. धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. रामासारखा गंभीर, वत्सराज उदयनासारखा कलासक्त आणि निश्चिंत, परशुरामासारखा गर्विष्ठ आणि तापट, मृच्छकटिकातल्या चारुदत्तासारखा शांत. गंमत पुढच्या शब्दांत नाही, चारही ठिकाणी आधी येणाऱ्या 'धीर'मध्ये आहे. उद्धत चालेल, अधीर चालणार नाही. समुद्र मागे हटवून ही भूमी काढणारा परशुराम कितीही कोपिष्ट असला, तरी हातातलं काम टाकून जात नाही.

हे मला फार उशिरा उमगलं. मडगावला एका मित्राच्या गच्चीवर मी पहिल्यांदा खेळाडू म्हणून बसलो तेव्हा तापट शिलेदार घेतला होता. कुणी वाटाघाट सुरू केली की मी तलवार काढायचो. सोबत्यांनी आखलेला बेत दर वेळी उधळायचो, आणि कुणी वैतागलं की ठेवणीतलं उत्तर तयार, "मी काय करू, माझं पात्रच तसं आहे!" चौथ्या खेपेला दोघं आलीच नाहीत. पाचवी खेप झाली नाही. स्वभावाला औषध नाही ही म्हण मी ढालीसारखी पुढे धरली होती. पण पिंड पहिली उसळी ठरवतो, दुसरं पाऊल नाही. संताप आला हे पिंडाचं. त्यानंतर तलवार काढली की ओठ चावून गप्प बसलो, ते वळणाचं, आणि ते निवडायला खेळाडू मोकळा असतो.

म्हणून हल्ली मी प्रत्येकाला पिंडाखाली 'पण' घालून आणखी एक ओळ लिहायला लावतो. तापट आहे, पण थोरल्या बहिणीसमोर नाही. थंड आहे, पण बैलाला कुणी मारलं तर नाही. शेजारच्या मुलीचं पात्र कापराचं. तिने लिहिलं, "सगळ्यांशी हसून बोलते, पण मोजमाप करताना कुणाशीच बोलत नाही." एका ओळीत ती मापारीण उभी राहिली. काका, जरा थांबा, मी मोजतेय, असं तिने जमादाराला म्हटल्यावर मलाच थांबावं लागलं.

थॉमस आणि चेस यांचा आणखी एक मुद्दा इथे उपयोगी पडतो. त्यांचं म्हणणं, कुठलाही पिंड मुळात वाईट नसतो, तो आणि भोवताल यांचा मेळ बसतो की नाही यावर पुढचं अवलंबून. मुलांना वाढवताना मेळ बसवायचा असतो. गोष्ट रचताना मी तो मुद्दाम बिघडवतो. चूड असलेल्याला हिशेबनीस करा. सुंभाला तांड्याचा नाईक करा, जिथे रोज शंभर अपमान गिळायचे असतात. ओल्या लाकडाला निरोप्या. घाटात निरोप घेऊन धावायचंय, आणि हा वाटेत करवंदं वेचतोय.

माणसांचे सोळा प्रकार पाडणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी मात्र मी टेबलापासून लांब ठेवतो. तिचं मूळ मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या प्रकारांत आहे. कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून प्रश्नावली बेतली, आणि आज ती नोकरीच्या मुलाखतीपासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळीकडे फिरते. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो, कारण बहुतेक माणसं दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात आणि रेघ मधोमध मारलेली असते. खेळाच्या दृष्टीने अडचण वेगळीच. पात्राच्या वतीने मोबाइलवर साठ-सत्तर प्रश्न सोडवायला बसलं, तर विसाव्या प्रश्नापासून आपण स्वतःचीच उत्तरं देऊ लागतो. डेव्हिड कीर्सी या मानसशास्त्रज्ञाने या सोळांची चार कुटुंबं केली. त्यातून घेण्यासारखा प्रश्न एकच, याला आयुष्यात हवंय काय? सुरक्षितता, मोकळीक, अर्थ की कसब? तेवढा घ्यावा आणि पुढे जावं.

नवे खेळाडू सर्रास गल्लत करतात ती 'लॉफुल गुड' (कायदा पाळणारा सज्जन), 'केऑटिक न्यूट्रल' (ना सज्जन ना दुर्जन, मनाला येईल तसं वागणारा) वगैरे शिक्क्यांची. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मधले ते नऊ शिक्के तत्त्वाचे आहेत, पिंडाचे नाहीत. कायदा पाळणारा सज्जन तापटही असतो, थंडही असतो. आमच्या आळीतच दोन्ही नमुने आहेत आणि दोघंही वेळेवर घरपट्टी भरतात.

रस्त्यात भेटणारी पात्रं मलाच नाचवायची असतात, आणि एका संध्याकाळी दहा-दहा. त्यांच्यासाठी मी दासबोधाचा दुसरा दशक उघडतो. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या समासात समर्थांनी रज, तम आणि सत्त्व यांची लक्षणं ओळीने दिली आहेत. त्यांत उपदेश आहेच, पण मला रस यादीत. कोण कशात रमतो, कशाने चिडतो, कशाला आळसतो. त्यातलं एक लक्षण उचललं की एक सावकार उभा राहतो.

त्या संध्याकाळी मी खेळ थांबवला नाही. भाच्याला एवढंच म्हटलं, "चार पानं खाली ठेव. चौघांतला कोण?" सगळ्यांना वाटलं, चूड. जळलेलं गाव, मेलेला बाप, दुसरं काय असणार? तो थोडा वेळ पागोळ्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "ओलं लाकूड. आग एकदा बघितलीय त्याने." आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, "पण धुराचा वास आला तर नाही."

मी पुन्हा आवाज जड केला. "कोण रे तू? पास दाखव."

"आहे," रुद्राजी म्हणाला. "भिजलाय. सुकेपर्यंत बसतो इथेच." आणि भाच्याने खुर्ची मागे सरकवून हाताची घडी घातली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जमादार काय म्हणेल? त्याचा पिंड मी ठरवलाच नव्हता. मी उठून आतून चहा घेऊन आलो.